घोड्यावरून पडलेला पोरगा, आणि बाकीचे प्रश्न

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की शूटवर किंवा स्टुडिओत कुणाला लागलं, दुखलं, भीती वाटली असेल तर कळवा. पत्रं आली, मेल आले, आणि बऱ्याच जणांनी तर रात्री एक दीडला लग्नावरून घरी पोचल्यावर टाइप केलेलं दिसतंय. सगळी छापणं शक्य नाही. पाच घेतलीत, पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिलीय कारण तो प्रश्न आपल्या फोटोग्राफीच्या धंद्यात घरोघरी आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

प्रश्न : ताई नमस्कार, मी धायरीत राहतो, लग्नाच्या ऑर्डरी घेतो. कायमचा माणूस नाही, सीझनला दोन पोरं हजेरीवर घेतो, दिवसाला ८०० आणि जेवण. गेल्या महिन्यात सिंहगड रोडच्या एका कार्यालयात हळदीच्या दिवशी त्यातला एक, २२ वर्षांचा, घोड्यावर, म्हणजे उघडून उभ्या करायच्या शिडीवर, चढून मांडवाच्या पाइपला लाईट बांधत होता, खाली सतरंजी होती, घोडा सरकला आणि तो पडला. मनगट फ्रॅक्चर. दीड महिना प्लास्टर. दवाखान्याचं १८ हजार बिल मी भरलं. आता त्याचे वडील म्हणतात दीड महिन्याची मजुरी पण द्या. ग्रुपवर विचारलं तर सगळे म्हणाले तो पगारी नोकर नाही, फ्रीलान्स आहे, एकदा दिलंस की सवय लागेल, आणि पुढच्या वेळेपासून सगळ्यांकडून लिहून घे की स्वतःच्या जबाबदारीवर काम करतोय. काय करू?

उत्तर : द्या. मजुरी द्या, आणि त्याच्या घरी जाऊन द्या.

आता ग्रुपवाल्यांच्या त्या फ्रीलान्स शब्दाबद्दल. फ्रीलान्स म्हणजे जो स्वतःचा कॅमेरा घेऊन येतो, स्वतःचा रेट सांगतो, जमत नसेल तर दुसऱ्याला पाठवतो. तुमचा पोरगा तुम्ही सांगाल त्या वेळेला येतो, लाईट तुमचा, घोडा तुमचा किंवा कार्यालयाचा, कुठल्या पाइपला बांधायचा ते तुम्ही बोट दाखवून सांगितलंत. मग पडला तो कुणाच्या कामावर पडला? ह्याचं उत्तर तुम्हालाही माहिती आहे, नाहीतर १८ हजार भरले नसतेत आणि मला पत्रही लिहिलं नसतंत.

कायद्याचं सांगते. कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची हे आपल्याकडे १९२३ पासून आहे, तो जुना कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला पण मूळ गोष्ट तीच राहिली. आणि "तो कधीमधी येणारा आहे, रोजंदारीचा आहे" म्हणून त्याला बाहेर ठेवायची जी पळवाट होती ती २००० सालीच कायद्यातून काढून टाकली. दवाखान्याचा खरा झालेला खर्च मालकाने द्यायचा, आणि माणूस काही काळ काम करू शकत नसेल तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के. कुठल्या कुठल्या कामातली माणसं यात येतात त्याची यादी कायद्याला जोडलेली आहे, गाडी चालवणारा त्यात सरळ नावाने आहे, लाईट बांधणाऱ्या मदतनीसाचं मात्र त्याच्या कामाचं स्वरूप बघून ठरवलं जातं. पण त्या यादीवर विसंबून बसू नका, कारण तो यादीत बसला नाही तरी निष्काळजीपणाचा दावा वेगळा होतो, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं निष्काळजी वागल्याबद्दल, गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. जीव गेला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत.

बरेच जण म्हणतात आमच्याकडे दहा माणसं नाहीत, आम्हाला हे काही लागू नाही. दहाचा आकडा कामाच्या जागेच्या सुरक्षेची जी दुसरी संहिता आहे तिला आहे. भरपाईला तो नाही, तुमच्याकडे एकच माणूस असला तरी.

आणि ते लिहून घ्यायचं डोक्यातून काढून टाका. भरपाईचा हक्क सोडतो असं लिहून घेतलेला कागद कायद्याने रद्दच धरला जातो. उलट कोर्टात तो असं दाखवतो की धोका आहे हे तुम्हाला आधीपासून माहिती होतं.

आता पैशाचं, कारण खरी भीती तिथे आहे. २५ वर्षांचा माणूस, महिना १५ हजार पगार, कामावर मृत्यू झाला. पगाराच्या निम्मे म्हणजे साडेसात हजार, गुणिले त्या वयाचा ठरलेला आकडा २१६.९१. होतात १६ लाख २६ हजार ८२५. तुमच्यामाझ्यासारख्याने हे कुठून आणायचे? म्हणून विमा. जनरल इन्शुरन्स कंपन्या एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन नावाची पॉलिसी देतात, एजंटला सांगा माणसं सीझनल आहेत, उंचीवर चढतात, विजेचं काम असतं, हे लपवू नका नाहीतर क्लेमच्या वेळी तेच अंगावर येतं. आणि पोरांना घेऊन बँकेत जा, प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वयाला, अपघाती मृत्यूला दोन लाख. वीस रुपये तुम्ही भरा हो. एका चहा-क्रीमरोलचे पैसे आहेत.

घरी परतताना पण बघा. रिसेप्शन उरकून रात्री दोनला पोरगा बाईकवर कात्रजच्या घाटातून घरी जातो, तिथे अपघात झाला तर नव्या संहितेत घर ते काम ह्या प्रवासातला अपघात पण कामाचाच धरलाय, वेळ जागा आणि कामाचा संबंध दिसला की. त्यामुळे उशीर झाला तर गाडीतून सोडा किंवा झोपायची सोय करा.

घोड्याचं सांगायलाच पाहिजे. पूर्ण उघडायचा, मधली साखळी ताणलेली पाहिजे, सतरंजीवर आणि गुळगुळीत फरशीवर ठेवायचा नाही, सतरंजी गुंडाळून बाजूला करायची, यजमान काही म्हणत नाहीत. सगळ्यात वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. खाली एक माणूस दोन्ही हातांनी धरून, आणि त्याने त्या वेळी फोन बघायचा नाही. लाईट हातात घेऊन चढायचं नाही, आधी चढायचं मग खालच्याने वर द्यायचा. आणि मांडवाचा लोखंडी पाइप, तो आधी टेस्टरने बघायचा.

हे मी का सांगतेय ते सांगते. २००९ चा पावसाळा, पुण्याबाहेरचं एक कार्यालय, नाव सांगत नाही. सॉकेट टू पिनचं आणि ढिलं, आमचा प्लग बसेना, मुहूर्ताला वीस मिनिटं राहिलेली, आणि मीच आमच्या मदतनीसाला म्हणाले की वायर सोलून सॉकेटात खोच आणि ती घट्ट बसायला काडेपेटीच्या काड्या मार. सगळेच करायचे तेव्हा, अजूनही करतात. त्याने खोचलं. स्टँड ओल्या गालिच्यावर होतं, त्याने डाव्या हाताने स्टँड धरलं आणि तो जो ओढला गेला तो आवाजच निघेना त्याच्या तोंडातून, फक्त दात वाजत होते. वाजंत्रीवाल्यांतल्या एकाने पळत जाऊन मेन पाडला. वाचला तो. पण त्याची करंगळी अजून सरळ होत नाही, चहाचा कप धरताना दिसतं. तो आजही माझ्याबरोबर काम करतो आणि ह्या विषयावर त्याने मला एका शब्दाने कधी सुनावलं नाही, पण काड्या मार हे मीच म्हणाले होते.

तेव्हापासून माझ्या गाडीत स्वतःचा बोर्ड असतो, थ्री पिन, जाड वायर, आणि त्याला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवलेली. करंट गळायला लागला की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत पडते आणि वीज तोडते. नुसता एमसीबी हे काम करत नाही, तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. कुठलाही चांगला वायरमन असा बोर्ड बनवून देतो. कार्यालयात गेलं की पहिलं काम, अर्थिंग बघायचं आणि मेन स्विच कुठे आहे ते टीममधल्या प्रत्येकाला नेऊन दाखवायचं. कुणाला शॉक लागला तर हात लावायचा नाही, आधी मेन, मग १०८.

प्रश्न : मी कोथरूडला घरातल्याच एका खोलीत न्यूबॉर्न शूट सुरू केलेत. लायसन्सचं, जीएसटीचं सगळे सांगतात, बाळाला काही होऊ नये ह्याचं कुणीच नीट सांगत नाही. आईवडील मोबाईलवर फोटो दाखवून तीच पोज मागतात, हनुवटीखाली दोन्ही हात ठेवून बसलेलं बाळ. नाहीतर झुल्यात टांगलेलं. जमत नाही म्हटलं तर ऑर्डर जाते.

उत्तर : तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, खरंच, कारण हा प्रश्न शूट सुरू करायच्या आधी विचारणारे फार कमी आहेत.

ती हनुवटीखाली हात ठेवलेली पोज एका फोटोत घेतलेलीच नसते. दोन फोटो असतात. एकात मोठ्या माणसाने बाळाचं डोकं वरून धरलेलं, दुसऱ्यात मनगटं धरलेली, आणि मग कॉम्प्युटरवर दोन्ही जोडून धरणारे हात काढून टाकलेले. आठ-दहा दिवसांच्या बाळाची मान डोकं पेलूच शकत नाही. ज्यांनी हे न कळता एका फोटोत घ्यायचा प्रयत्न केलाय त्यांचं नशीब की काही झालं नाही. झुल्याचं पण तसंच, बाळ गादीवर असतं, झुल्याचं कापड त्याच्याभोवती, आईचा हात पाठीखाली, फांदी वेगळी काढून जोडलेली. आईवडिलांना हेच सांगा, दोन फोटो शेजारी ठेवून दाखवा. एकदा बघितलं की ऑर्डर जात नाही, उलट विश्वास बसतो.

पितळी हंड्यात किंवा टोपलीत ठेवणार असाल तर तळाला वजन, आणि एक माणूस हातभर अंतरावर बसलेला, उभा नाही, बसलेला. काच आणि चिनी माती नको. वरून फोटो काढताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, कितीही अडचण वाटली तरी. बाळाच्या डोक्यावर आडवं आलेलं स्टँड नकोच, खिडकीचा उजेड वापरा, आणि स्टँड लागलंच तर वाळूची पिशवी पायाला टेकवून ठेवायची नाही, लटकवायची, आणि ज्या बाजूला लाईटचं वजन आहे त्याच बाजूला स्टँडचा एक पाय आला पाहिजे.

बाळाचे पाय बघत राहा. मी एकदा एका दहा दिवसांच्या मुलीला पोटावर झोपवून गुंडाळलं होतं, इतकी शांत झोपली होती की सगळे खूष, आणि माझं लक्ष गेलं तर पावलांचा रंग गुलाबीवरून जांभळट व्हायला लागलेला. लगेच सोडलं, दोन मिनिटांत रंग परत आला. गुंडाळी घट्ट झालेली. तेव्हापासून दर दोन-तीन मिनिटांनी पावलं उघडून बघायची सवय लागली. गरम होतंय का ते हातापायावरून कळत नाही, ते गारच असतात, मानेच्या मागे बोट लावून बघा, घाम असेल तर हीटर बंद. हीटर कपड्यांपासून आणि बाळापासून तीन फूट तरी लांब.

तुम्हाला सर्दी असेल तर शूट पुढे ढकला, पैसे गेले तरी. फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस डॉक्टरांना विचारून घ्या, अंगठ्या काढून कोपरापर्यंत हात धुवा, आणि एका बाळाला गुंडाळलेलं कापड धुतल्याशिवाय दुसऱ्याला नाही.

फुग्यांचं राहिलं. डोहाळजेवणाच्या आणि बारशाच्या शूटला गॅसचे फुगे मागवतात, आणि स्वस्तातल्या फुग्यात पुष्कळदा हीलियम नसतो, हायड्रोजन असतो. तो पेटतो, एका क्षणात. आणि आपल्याकडे ओवाळायला निरांजन येतंच. फुगेवाल्याला विचारा, सिलिंडर दाखव म्हणा, जागेवर काहीतरी मिसळून गॅस तयार करत असेल तर नको म्हणून सांगा. निरांजन आणि फुगे एका खोलीत नकोतच.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे, पिंपरीतल्या एका स्टुडिओत कँडिड करते, आम्ही सहा जण आहोत. वरातीत नवरदेवाचे मित्र पिऊन होते, गर्दीत मुद्दाम अंगचटीला आले, दोनदा. सरांना सांगितलं तर म्हणाले क्लायंट आहे, आज सोडून दे, पुढच्या वेळी मुलांना वरातीला पाठवू. तेव्हापासून मला वरातीच्या ऑर्डरी मिळत नाहीत आणि पैसे कमी झालेत.

उत्तर : तुझी काहीच चूक नाही आणि काम काढून घेणं हा उपाय नाही, ती तुलाच शिक्षा झाली.

कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाची जागा म्हणजे फक्त स्टुडिओ नाही, कामासाठी तू जिथे जातेस ती प्रत्येक जागा आणि मालकाने केलेली गाडी पण. वरात ही तुझी कामाची जागा होती. तिथे संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून तुला सुरक्षित ठेवणं हे मालकाचं कायद्याने सांगितलेलं काम आहे, आणि तू पोलिसात जायचं ठरवलंस तर मदत करणं पण. दहापेक्षा कमी माणसं असली की ऑफिसात तक्रारीची समिती नसते, तेव्हा जिल्ह्याची स्थानिक समिती असते, त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी कर, शी-बॉक्स ह्या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी. पोलिसात द्यायची तर न्याय संहितेचं कलम ७४ आणि ७५. त्या रात्रीचं फुटेज डिलीट होऊ देऊ नकोस, गिंबलवर व्हिडिओ काढणाऱ्याच्या क्लिपमध्ये पण काही आलं असेल, आजच कॉपी करून घे.

आणि हे वाचणाऱ्या स्टुडिओवाल्यांना सांगते. बुकिंगच्या कागदावर एक ओळ घाला, आमच्या टीममधल्या कुणाशी गैरवर्तन झालं तर शूट थांबेल आणि पैसे परत मिळणार नाहीत. मी आठ वर्षं घालतेय. एकदाच वापरावी लागली, आणि तेव्हा मुलीचे वडील स्वतः येऊन माझ्या असिस्टंटची माफी मागून गेले आणि गैरवर्तन करणाऱ्या दोघांना वरातीतून घरी पाठवलं. गर्दीत मुलीला एकटी पाठवू नका, मुलालाही नका, दोघं दोघं.

प्रश्न : दरवर्षी विसर्जनाला लक्ष्मी रोडला शूट करतो. ह्या वर्षी तीन दिवस कानात शिट्टी वाजत होती. जाते का ती?

उत्तर : ह्या वेळी गेली. पण शिट्टी वाजणं म्हणजे आतल्या बारीक पेशींना मार बसलाय, आणि त्या मेल्या की परत उगवत नाहीत. साधारण हिशोब असा की ८५ डेसिबल आठ तास चालतं आणि वर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. भिंतीसारख्या स्पीकरसमोर किंवा ताशाच्या रांगेला खेटून तुम्ही तास न् तास उभे असता. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, पिळून बारीक करून आत सारायचे, वरवर लावले तर उपयोग नाही. पहिली दहा मिनिटं विचित्र वाटतं, मग कळतं की माणसांचं बोलणं उलट नीट ऐकू येतंय. शिट्टी परत आली आणि दुसऱ्या दिवशीही राहिली तर कानाच्या डॉक्टरकडे लगेच जा, दिवाळीपर्यंत थांबू नका. लेझरच्या सरळ रेषेत कॅमेरा धरू नका, सेन्सर जातो. डोळ्याचा पडदा पण जातो.

प्रश्न : फ्लॅशची लिथियम बॅटरी थोडी फुगलीय, पण चालतेय. सीझनभर वापरू का?

उत्तर : नाही. आज काढा. चार्जिंगला लावू नका, दाबून परत बसवू नका, टोचू तर अजिबात नका. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा, घराबाहेर, गॅलरीत उन्हात नाही, आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, घंटागाडीत टाकू नका, ती कचरा उचलणाऱ्या बाईच्या हातात पेटेल. बाकीच्या बॅटऱ्या पण बघा, सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा, गरगर फिरली तर पोट आलंय. आणि रात्री झोपताना गादीवर चार्जरची रांग लावून झोपायचं बंद करा, फरशीवर लावा, जागे असताना.